इस्तंबूल झालं असेल, पण एदिर्ने राहिलं

तुर्कस्तान म्हटलं की इस्तंबूल, कॅपाडोशियाचे बलून, पामुक्कले आणि इफेसस. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही टूरवाल्याकडे जा, हाच पाढा. एदिर्नेचं नाव कुणी काढत नाही. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) पडेपर्यंत ऑटोमन तुर्कांची राजधानी इथे होती, ते जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद इथेच जन्मला आणि त्या तटबंदीवर डागलेली अजस्र तोफही इथेच ओतली गेली. इस्तंबूलहून बसने अडीच-तीन तास. त्यापुढे लगेच ग्रीस आणि बल्गेरियाच्या सरहद्दी. म्हणजे गाव आडवाटेला नाही, आपल्या पॅकेजच्या बाहेर आहे, इतकंच.

(कमेंटमध्ये "तुर्कस्तानला गेलातच कशाला?" येणार हे माहीत आहे. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली त्या मे २०२५ च्या आधीची सहल आहे. मार्केट यार्डातल्या तुर्की सफरचंदांवरचा वाद तिकडेच घाला, इथे नको.)

सेलिमिये मशीद गावात शिरायच्या आधीच दिसायला लागते. ऑटोमन दरबारचा वास्तुकार सिनान, त्याने ती १५६८ ते १५७५ मध्ये बांधली, ऐंशीच्या घरात असताना. घुमटाचा व्यास ३१ मीटरच्या वर, आणि सगळा भार आठ खांबांवर. बांधून घेणारा सुलतान दुसरा सेलीम १५७४ मध्येच गेला, त्याला ती पुरी झालेली दिसली नाही. आम्ही गेलो तेव्हा जीर्णोद्धाराचं काम चालू होतं, आत परांच्याच परांच्या. नवरा हिरमुसला. मी मात्र मधल्या चौथऱ्याच्या संगमरवरी खांबावर कोरलेलं ते उलटं ट्युलिप शोधून काढलं. जेमतेम बोटभर उंचीचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेलं. दंतकथा अशी की ही जमीन ज्याची होती तो विकायला तयार होईना, म्हणून कारागिरांनी त्याच्या आडमुठेपणाची आठवण अशी उलटी कोरून ठेवली. खरं-खोटं देव जाणे, पण आपल्याकडच्या भूसंपादनवाल्यांना आवडेल.

मला विचाराल तर एदिर्नेला जायचं ते सेलिमियेसाठी नाही, तुंजा नदीपलीकडच्या सुलतान दुसऱ्या बायझिदाच्या दवाखान्यासाठी. १४८८ मध्ये पुरा झालेला. मशीद, मुदपाकखाना, वैद्यकीय मदरसा आणि दवाखाना असा सगळा एकत्र पसारा, खर्च वक्फच्या उत्पन्नातून, रोग्याला पैसे पडत नसत. १८७७-७८ च्या रशियाशी झालेल्या युद्धापर्यंत इथे रुग्णसेवा चालू होती. आता तिथे त्राक्या विद्यापीठाचं आरोग्य संग्रहालय आहे, २००४ मध्ये 'कौन्सिल ऑफ युरोप'चं संग्रहालय-बक्षीसही मिळालंय त्याला.

सगळ्यात आतलं दालन षटकोनी. वर घुमट, घुमटाच्या टोकाला उजेडासाठी झरोका, बरोबर मध्ये कारंजं. भोवती रोग्यांच्या खोल्या आणि एका बाजूला वाजवणाऱ्यांची बैठक. मनाचं दुखणं असलेल्यांना इथे संगीत ऐकवत. सतराव्या शतकातला प्रवासी एव्हलिया चेलेबी लिहून गेलाय की दहा गाणारे-वाजवणारे नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा येत. आपल्या रागांना जशी वेळ ठरलेली, तशी त्यांच्या मकामांना, म्हणजे तिकडच्या रागांना, दुखणी वाटून दिलेली. रोग्यांना हुंगायला फुलंही देत. तोच एव्हलिया साखळ्यांचाही उल्लेख करतो, तेव्हा फार भाबडेपणानं पाहू नये. मकामाने वेड बरं होतं असंही मी म्हणत नाही.

पण त्या दालनात बसून बघा. कारंज्याचं पाणी अगदी हळू पडतं, तरी त्याचा आवाज कुठल्याही कोपऱ्यात तेवढाच पोचतो. मी मुद्दाम एका खोलीच्या अगदी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. म्हणजे खाटेवरून उठू न शकणाऱ्याचाही विचार झाला होता. कुणीतरी बसून आखलं होतं हे, पाचशे वर्षांपूर्वी.

आमच्या घरात हे दुखणं होतं. मामाला. त्याला दवाखान्यात ठेवलं की आजी शेजाऱ्यांना सांगायची, "नोकरीनिमित्त बाहेरगावी आहे." आम्ही पोरं मात्र शाळेत एकमेकांना "येरवड्याला जागा रिकामी आहे" म्हणून खुशाल चिडवायचो, आणि त्यात मीही असायचे. आजही कुठल्याही ऑफिसात हा विनोद चालतो. आणि इथे एका सुलतानाने राजधानीसारख्या गावात, मशिदीच्या अंगालाच, सगळ्यांना दिसेल असं या रोग्यांसाठी घर बांधलं. सुलतान म्हटला की आपल्याला तलवार आणि जनानखाना, मालिकांची कृपा. याच बायझिदाने १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना आसरा दिला. त्याने स्वतःच्या भावाशी गादीसाठी युद्ध केलं तेही खरं. माणूस एका खणात मावत नाही.

खाण्याचं: एदिर्नेची जिगर तावा. वासराची कलेजी पानासारखी पातळ कापून कडकडीत तेलात तळतात, सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. शाकाहाऱ्यांनी पुढच्या परिच्छेदाकडे वळावं.

कोल्हापूर-सांगलीकडच्यांसाठी खास. उन्हाळ्यात इथे किर्कपिनारच्या कुस्त्या होतात. परंपरेने सुरुवात १३४६ ची मानतात. पैलवान चामड्याची तुमान घालून अंगभर ऑलिव्ह तेल ओतून घेतात आणि गवतावर भिडतात. ढोल-सनई, जोड्या पुकारणारा निवेदक, सगळं आहे. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला सोन्याचा पट्टा कायमचा. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नव्हता, रिकामं मैदान तेवढं पाहिलं. तांबड्या मातीत वाढलेल्या कुणीतरी तिथे जाऊन तेलात पकड कशी बसते ते एकदा नीट लिहावं, मला त्यातलं कळत नाही.

एका दिवसात जाऊन-येऊन करणार असाल तर सकाळची पहिली बस धरा, आणि दवाखाना आधी करा. सेलिमिये संध्याकाळी उशिरापर्यंत दिसतेच, बसच्या खिडकीतूनसुद्धा.