‘चुकणाऱ्याला काढून टाका’ म्हणे! एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, आणि कहर म्हणजे आमच्या जुन्या बॅचच्या सिस्टरांच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: हॉस्पिटलातल्या चुका निव्वळ निष्काळजीपणाने होतात. अनुभवी माणूस चुकत नाही. काम वॉर्डात आपोआप येतं, नव्या स्टाफला दोन-तीन दिवस खोलीत बसवून ‘पेशंट सेफ्टी’ शिकवणं म्हणजे एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) फायली भरायचं नाटक. वॉर्डबॉय आणि मावशींना तर याची गरजच नाही. जो चुकेल त्याला काढून टाका, चुका बंद. खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मुंबईत नर्सिंग करण्यात माझा जन्म गेला, आणि शेवटची काही वर्षं नव्याने रुजू होणाऱ्या मुला-मुलींपुढे हेच ‘नाटक’ करण्यात गेली.

‘अनुभवी माणूस चुकत नाही.’ मी चुकले आहे, आणि तेही सोळा वर्षं नोकरी झाल्यावर. जुलैचा पाऊस, मेडिसिनचा वॉर्ड, छत गळायला लागलेलं. दुपारच्या सिस्टरांनी तीन-चार बेड ओढून कोरड्या जागी नेले. रात्रीला मी आले तेव्हा ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी माझ्या हाती सोपवताना, मैत्रीण म्हणाली, “नऊ नंबरला लघवीचं इंजेक्शन द्यायचंय, दहा वाजता.” तिच्या डोक्यात नऊ नंबर म्हणजे तो पेशंट, माझ्या डोक्यात नऊ नंबर म्हणजे ती जागा. दहाला मी त्या जागेवर गेले. नुसतीच गेले नाही, विचारलंसुद्धा: “काका, तुम्ही पवार ना?” काका म्हणाले, “हो.” काकांना कमी ऐकू यायचं हे मला नंतर कळलं. ते रात्रभर संडासाच्या वाऱ्या करत राहिले, पहाटे बीपी खाली आलं, सलाईन चढवावं लागलं. निभावलं. ते घरी गेले, पण माझी पुढे कित्येक दिवस झोप उडाली होती.

यात निष्काळजी कोण? मी विचारलं होतं. मैत्रिणीने ओव्हर दिला होता. बेड हलवणाऱ्यांनी पेशंटला भिजण्यापासून वाचवलं होतं. प्रत्येकीने आपापलं काम केलं आणि चूक मधल्या फटींतून निघून गेली. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी भोकं पडलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली आहे. एकेका चकतीला भोकं असतातच, ती सगळी एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. आमच्याकडे चीज कोण खातं, मी मुलींना चाळणीवर चाळणी ठेवून दाखवते.

म्हणून आता नव्या मुलींचा पहिला धडा असा: पेशंटच्या तोंडात नाव घालायचं नाही. “तुम्ही पवार का?” याला घाबरलेला, गुंगीतला, बहिरा, नुसता सभ्य, असा कोणीही माणूस ‘हो’ म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” म्हणायचं, ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचं. बेड नंबर ही ओळख नव्हे. पेशंट वैतागतात, “सकाळपासून चौथ्यांदा विचारताय, लक्षात राहत नाही का?” राहतं हो काका. तरी विचारायचं असतं.

‘काम वॉर्डात आपोआप येतं.’ येतं ना, सीनियरच्या वाईट सवयींसकट येतं. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेकदा मिलिलिटरला ४० युनिटची असते, पेनमधलं औषध १०० चं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या मिळतात, ४० वालीला लाल टोपी, १०० वालीला नारिंगी. समजा ऑर्डर २० युनिटची आहे. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध घेतलं, तर पेशंटला मिळतात ८ युनिट, आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात. उलट झालं, १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत, तर जातात ५० युनिट. मग साखर इतकी उतरते की पेशंट बेशुद्ध. रेघ दोन्ही वेळा बरोबर, हात सराईत. हे ‘आपोआप’ कळायला कोणाचा तरी जीव मध्ये यावा लागतो. त्यापेक्षा खोलीत बसून दोन टोप्या शेजारी ठेवून पाहिलेल्या बऱ्या.

मुंबईत आणखी एक भानगड आहे, ती भाषेची. आमच्याकडे निम्म्या मुली केरळच्या, डॉक्टर मराठी, पेशंट गुजराती नाहीतर भोजपुरी. एकदा डॉक्टरांनी फोनवर “अडीच मिलिग्रॅम दे” सांगितलं. कोट्टायमची ती पोर आठवड्यापूर्वीच मुंबईत उतरलेली. तिला एक, दोन, तीन येत होतं. सव्वा, दीड, अडीच हे प्रकरण तिने ऐकलंच नव्हतं. ‘अडीच’मधला ‘अ’ तिला ‘आठ’ वाटला. पण तिला एक गोष्ट शिकवलेली होती: फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग आकडे सुटे करून वाचून दाखवायची. तिने इंग्रजीत “आठ मिलिग्रॅम, बरोबर?” विचारलं आणि पलीकडून डॉक्टर ओरडले. ओरडले ते चांगलंच झालं. लिहिण्याचंही तसंच: अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवं, नाहीतर टिंब दिसत नाही आणि ५ दिले जातात. पाचाच्या पुढे मात्र टिंब-शून्य नको, त्याचे ५० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. १० च्या पुढे घाईत काढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो.

‘फायली भरायचं नाटक.’ इथे मेसेजवाल्याला मी अर्धे मार्क देते. ऑपरेशनआधी मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी २००८ साली आली. ती आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली, त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये आलेले आकडे असे: मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर. यादीत काय होतं? पेशंट कोण, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, अँटिबायोटिक दिलं का, आत काही राहिलं नाही ना, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांना आपलं नाव सांगणं. पण २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोमधला अभ्यास आला. तिथे १०१ हॉस्पिटलांत ही यादी लागू झाली होती, आणि मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडलेला दिसला नाही. माझं मत विचाराल तर कारण प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. केस संपल्यावर चहा पिता पिता सगळ्या चौकोनांत टिका मारणं मीही पाहिलंय. नाटक होतं, हे खरं. पण मग तालीम जास्त हवी की नाटकच बंद करायचं?

‘वॉर्डबॉय-मावशींना गरज नाही.’ हे वाक्य लिहिणारा जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत नव्हता बहुतेक. नायर हॉस्पिटलमध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला. तो एका पेशंटच्या नातेवाईकाच्या हातात होता. यंत्राने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि तो तरुण गेला. तपासणी चालू नसली तरी त्या यंत्राचा चुंबक चोवीस तास चालूच असतो. हे कळायला पदवी लागत नाही, पण कोणीतरी सांगावं लागतं. आणि पेशंटबरोबर त्या दारापर्यंत कोण जातं? वॉर्डबॉय मामा आणि मावशी. ओली फरशी, व्हीलचेअरचा ब्रेक, बेडचा कठडा, रिकामा होत आलेला सिलिंडर, हे सगळं डॉक्टरच्या आधी त्यांनाच दिसतं.

राहिलं ‘काढून टाका’. १९८६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलात ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट दगावले. औषध ठरवणाऱ्याने बरोबर ठरवलं होतं, देणाऱ्यांनी बरोबर पेशंटला दिलं होतं. बाटलीतल्या ग्लिसरॉलमध्ये मात्र डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, मूत्रपिंडं निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने धागा ओढायला सुरुवात केली तेव्हा तो खरेदी, तपासणी, परवाने करत थेट मंत्रालयापर्यंत गेला. तेव्हा ड्युटीवर असलेल्या सिस्टरला काढून काय साधलं असतं?

दारू पिऊन ड्युटीवर येणारा, केसपेपरवर मागाहून खाडाखोड करणारा, यांची गय करा असं मी म्हणत नाही. पण बाकीच्यांना काढत सुटलात की उरलेले एकच गोष्ट शिकतात: लपवायचं. माझ्या त्या इंजेक्शनची गोष्ट पहाटे सिस्टर इनचार्जना मीच जाऊन सांगितली, कारण त्या ओरडणार नाहीत हे माहीत होतं. नोकरी जाणार असती तर मी गप्प बसले असते, हे आज कबूल करते. आणि मग काकांचं बीपी का पडलं हे डॉक्टर शोधत बसले असते. इनचार्जनी मला एवढंच विचारलं, “बेड हलवले तेव्हा पाट्या कोणी हलवल्या?” कोणीच नाही. त्या दिवसापासून पाटी भिंतीवरून निघाली आणि बेडलाच बांधली गेली.

जाता जाता. बॅचच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणारी म्हणजे त्या रात्री मला ओव्हर देणारी माझी मैत्रीण. मी फोन केला, म्हटलं, “अगं, तुला मला तेव्हाच काढून टाकायचं होतं का?” ती हसली. म्हणाली, “मी कुठे वाचलाय पूर्ण? आला तसा पुढे दिला.”