बजेटचा इश्यू असेल तर

"बजेटचा इश्यू असेल तर आपल्याकडे साधं वॅक्सपण आहे, सर."

हे वाक्य हळू आवाजातही म्हणता येतं. पण शोरूममधल्या त्या पोराने ते अशा काही खणखणीत आवाजात म्हटलं, की पलीकडे सात सीटर गाडीपुढे केक कापणाऱ्या कुटुंबाने सुरी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या आजींनी तर माझ्या चपलांकडेही पाहिलं. परवाचीच गोष्ट आहे आणि माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

गाडी कोणती, हप्ता किती, हे सगळं राहू दे. रंग तेवढा सांगतो. काळा. काळ्याचं वेटिंग सगळ्यात कमी होतं. पैसे भरून झाले, की चावी हातात पडायच्या आत तुम्हाला एका काचेच्या केबिनमध्ये नेऊन बसवतात आणि 'पेंट प्रोटेक्शन' विकतात. वेळ बरोब्बर साधलेली असते. नुकतेच १२-१३ लाख गेलेले असतात, त्यापुढे २५ हजार म्हणजे पार्किंगच्या पावतीसारखे वाटतात.

बरोबर बायको, सासूबाई आणि सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा. मामा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले. सगळी नोकरी पेंट शॉपला. शोरूममध्ये कॉफी फुकट मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, एरवी ते बाणेरपर्यंत आले नसते.

पोराने टेबलावर बॉनेटचा एक कापलेला तुकडा ठेवला. अर्ध्या भागावर सिरॅमिक कोटिंग, अर्धा तसाच. पाणी ओतलं. कोटिंगवरून थेंब टपाटप घरंगळले. मार्करने रेघ मारली, पुसून दाखवली. मग खिशातून लायटर काढला.

"हे कशाला?" मामा.

"हीट रेझिस्टन्स, काका. आग लावली तरी कोटिंगला काही होत नाही."

"कोण लावणार?"

"कोणी नाही काका, डेमो आहे."

"नाही, लावतात. आमच्याकडे पार्किंगमध्ये मागे पेटवल्या होत्या गाड्या. पण सीट पेटवतात रे, टायर पेटवतात. बॉनेटपासून कोणी सुरुवात करत नाही."

पोराने लायटर खिशात ठेवला आणि हुकमाचं पान काढलं. "हार्डनेस नाइन एच आहे, काका. डायमंड टेन असतो. हे नाइन."

मामांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मला त्या क्षणी केबिनबाहेर जावंसं वाटलं होतं, पण दार पोराच्या मागे होतं.

"एच म्हणजे काय?"

"हार्डनेस."

"एच म्हणजे पेन्सिल. तुझ्या शाळेतली एचबी असते ना, तिच्या घरातली. तिकडे सहा-बी म्हणजे मऊ, इकडे नऊ-एच म्हणजे कडक. पेन्सिल ४५ अंशात धरायची, वर ७५० ग्रॅमचं वजन आणि पुढे ढकलायची. ओरखडा नाही आला की पास. पेंट कंपनीचा माणूस यायचा आमच्याकडे पेन्सिलींची पेटी घेऊन." मामा पुढे झुकले. "आता मला सांग, यांच्या गाडीवर पेन्सिलने कोण लिहिणार आहे? पोरं खिळ्याने लिहितात."

पोरगा हसला. त्याला हसायचंच ट्रेनिंग असावं. मामा पुढे सुटले. कंपनीतून येणारा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉन, आणि तुझं हे कोटिंग त्यावर किती? पोरगा म्हणाला, थ्री लेयर. मामा म्हणाले, लेयर नको, मायक्रॉन सांग. पोराने कोणाला तरी व्हॉट्सॲप केला.

तोवर त्याने पीपीएफ काढलं. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. जाड, सुमारे २०० मायक्रॉन, आणि खरं सांगायचं तर खडीपासून वाचवणारी त्या केबिनमधली ही एकमेव वस्तू. बारीक ओरखडे उन्हाने आपोआप भरूनही येतात. पूर्ण गाडीला लाखाच्या वर. "सर, ही टेक्नॉलॉजी व्हिएतनाम वॉरमधली आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांना लावायचे."

"आपल्याला कोथरूडला जायचंय," मामा म्हणाले.

टेफ्लॉनचं नाव निघाल्यावर तर बायकोसुद्धा बोलली. १९३८ साली अमेरिकेत एका केमिस्टच्या सिलिंडरमध्ये फ्रिजच्या गॅसऐवजी चुकून तयार झालेला हा पदार्थ. त्याची ख्याती कशालाच न चिकटण्याबद्दल. तव्याला चिकटवायचा तर तो तीनशेच्या वर अंशांत भाजावा लागतो. गाडी तेवढी भाजली तर रंग, रबर आणि कर्जाचे पेपर सगळंच जाईल. तर तो गाडीला नुसता पुसून कसा चिकटतो? पोरगा म्हणाला, "मॅडम, हे स्पेशल टेफ्लॉन आहे."

मी वॉरंटीचा कागद मागितला. पाच वर्षं, असं वर मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात: दरवर्षी आमच्याकडेच पैसे भरून मेंटेनन्स करून घेतला तर. खडीचे टवके नाहीत. ओरखडे नाहीत. बोअरच्या पाण्याचे डाग नाहीत. पक्ष्याची विष्ठा २४ तासांत पुसली नसेल तर तीही नाही.

"मग यात बसतं काय?"

"ग्लॉस, सर."

इथे मी जिंकत होतो, हे कृपया लक्षात घ्या. मामांनी मैदान तयार केलं होतं, बायकोने विकेट काढली होती, मी शेवटचा खिळा हातात घेतला होता. आणि त्या पोराने काय केलं? माझ्याकडे पाठ करून मामांना म्हणाला, "काका, तुम्ही टेक्निकल माणूस आहात. काळा कलर आहे. तुम्हीच सांगा आता सरांना."

३० वर्षं एसटीत लाल रंग मारलेल्या माणसाला 'टेक्निकल माणूस' असं कोणी म्हटलं नसावं. मामांचा चेहरा पाघळला. "पोरगा मेहनती आहे हो," ते मला म्हणाले. "टार्गेट असतं यांना. काळा रंग सांभाळायला अवघडच. घेऊन टाका काहीतरी, जावईबापू."

काहीतरी! पेन्सिल, मायक्रॉन, व्हिएतनाम, सगळं ऐकून झाल्यावर काहीतरी! मी म्हणालो, "नंतर बघतो." त्यावर ते बजेटचं वाक्य आलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मेण? मेणबत्तीचं?" आणि केकवाल्या आजी उघडउघड हसल्या.

मेणबत्तीचं नव्हे हो. वॅक्समध्ये भाव खाऊन जातं ते कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या हवेत पाणी उडू नये म्हणून झाड ते पानांवर धरतं. पानं वाळवून, झोडपून ते काढतात. साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे मेणबत्तीच्या मेणापेक्षा बरंच चिवट. औषधाच्या आणि चघळायच्या गोळ्यांची चकाकीही बऱ्याचदा त्याचीच. म्हणजे आपण ते लहानपणापासून खात आलोय आणि आता ते गाडीला लावायला कमीपणा वाटतो. टिकतं मात्र दोन-तीन महिने, आणि पुण्याच्या उन्हात काळ्या बॉनेटवर त्याहून कमी. पण डबा हजाराच्या आत येतो आणि कोणी लायटर काढत नाही.

एवढ्यात पूजा. सासूबाईंनी ताटली घेतली, कुंकू ओलं केलं आणि अनामिकेने बॉनेटवर स्वस्तिक काढायला लागल्या. त्याच बोटात त्यांची माणकाची अंगठी. अलीकडे त्या बारीक झाल्यात, त्यामुळे अंगठी सैल होऊन खडा तळहाताकडे फिरलेला. पोराला ज्या मापात नऊ म्हणायचं होतं, हिरा १० वालं, त्यात खरोखर नऊवर जे बसतं ते माणिकच. ते माप मोह्सचं, खनिजांच्या कडकपणाचं; पेन्सिलीचं नव्हे. स्वस्तिकाच्या चारही भुजा व्यवस्थित आल्या. कुंकू पुसल्यावरही आहेत. उन्हात तिरकं पाहिलं की दिसतात.

मी पोराला हाक मारली. "कोटिंग घेतलं असतं तर हे झालं असतं का?"

त्याने वाकून पाहिलं. "झालं असतं, सर. पण ग्लॉसमध्ये झालं असतं."

सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही असं बायकोने मला गाडीतच बजावलं.

तर मी वॅक्स मागवलं. डब्यावर लिहिलंय: गाडी स्वच्छ धुवा, सावलीत, थंड पत्र्यावर लावा. आमच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे. टँकरचं पाणी आहे, बंदी मान्य आहे. पण मग बोअरच्या नळावरून एक बादली घेऊ द्या म्हणालो, तर सेक्रेटरी म्हणतात, "तुमच्या वॅक्ससाठी नियम बदलायचा का?" हेच गृहस्थ रोज सकाळी आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांना इतकं पाणी घालतात की ते खाली थेट माझ्या पार्किंगवर ठिबकतं, मातीसकट. बोललो तर म्हणाले, झाडं आहेत, जगली पाहिजेत.

राहता राहिला गाडी पुसणारा. हा एका बादलीत आणि एका फडक्यात अख्खी रांग पुसतो. आमच्या समोर टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथली क्रश सँडची धूळ त्याच बादलीत, त्याच फडक्यावर, आणि तेच फडकं माझ्या काळ्या दारावर गोल गोल. धुळीतला वाळूचा कण कुठल्याही कोटिंगला पुरून उरतो. केबिनमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण बादली विकून कमिशन मिळत नाही. मी त्याला दोन नव्या बादल्या आणि मायक्रोफायबरची कापडं आणून दिली. एका बादलीत कापड भिजवायचं, दुसरीत खळबळून काढायचं, असं करूनही दाखवलं. त्याने लक्षपूर्वक पाहिलं, महिन्याचे १०० वाढवून मागितले, मी दिले.

आज सकाळी खाली गेलो तर तो जुन्याच बादलीत जुनंच फडकं पिळत होता. नव्या बादल्यांचं विचारलं.

"सेक्रेटरी साहेबांनी नेल्या," तो म्हणाला. "कुंड्यांना."