पाऊण सेकंदाचा हिशेब आणि उसाची ट्रॉली

गाळप हंगामात पुणे–सोलापूर महामार्गावर रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटार आदळली की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: निरोगी माणूस पाऊण सेकंदात ब्रेक दाबतो, ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी जेमतेम १७ मीटर जाते, म्हणून रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नसतील तर चालक झोपलेला, प्यायलेला किंवा मोबाइलमध्ये गुंतलेला होता, हे सिद्धच झाले. यातला गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

पाऊण सेकंद हा आकडा खोटा नाही, पण तो ब्रेक लावावा लागणार याची आधीच कल्पना असलेल्या चालकाचा आहे. चालकांच्या प्रतिक्रियेचे अभ्यासक मार्क ग्रीन यांनी २००० साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागण्यासारख्या नेहमीच्या इशाऱ्यासाठी सुमारे १.२५ आणि अगदी अनपेक्षित अडथळ्यासाठी सुमारे १.५ सेकंद असे ढोबळ आकडे त्यांनी मांडले. रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्याच्या आखणीसाठी २.५ सेकंद धरते. अर्थात, बहुतेक सगळे चालक सामावले जावेत म्हणून ठेवलेली ती सढळ मर्यादा आहे, त्यामुळे चालकाच्या बाजूने तोच आकडा सरासरी म्हणून पुढे करणेही तितकेच चुकीचे ठरेल.

खरी गफलत मात्र घड्याळ कधी सुरू करायचे यात आहे. अडथळा रस्त्यावर होता तेव्हापासून नव्हे, तर तो अडथळा आहे हे चालकाला ओळखता येणे शक्य झाले तेव्हापासून वेळ मोजावा लागतो. टायर पंक्चर होऊन रस्त्यातच थांबलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली लो बीमच्या उजेडात ५० मीटरवरून दिसली असे धरू. ८०च्या वेगात ते अंतर सव्वादोन सेकंदांत संपते. दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला तर ३३ मीटर सरले. उरलेल्या १७ मीटरमध्ये कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावूनही गाडी सुमारे ५८च्या वेगाने आदळेल. त्या मजकुरातला पाऊण सेकंद धरला, तर तीच धडक १९च्या आसपास होते. म्हणजे गृहीतकातल्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या फरकावर माणूस वाचणार की नाही हे ठरते, आणि पूर्ण शुद्धीत, समोर पाहत असलेला चालक थोडा अधिक गोंधळला तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच धडक होऊ शकते.

ब्रेकच्या खुणांचा मुद्दा तर आता कालबाह्यच होत चालला आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्यात चाके जाम होत नाहीत, त्यामुळे पूर्ण ब्रेक लावूनही रस्त्यावर ठळक काळे पट्टे उमटतीलच असे नाही. एअरब्रेकच्या मालट्रकमध्ये पेडल दाबल्यापासून ब्रेक पूर्ण पकडेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो, तोही चालकाच्या खात्यावर मांडता येत नाही. ज्या गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेत शेवटच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद राहते, तिथे ती नोंद पंचनाम्यातल्या ‘खुणा आढळल्या नाहीत’ या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाची असते. मद्य आणि मोबाइल यांच्यासाठी रक्ततपासणी आणि कॉल रेकॉर्ड आहेत; खुणांच्या अभावावरून ते ताडण्याचे कारण नाही.

यातून चालक निर्दोष सुटतो असे मुळीच नाही. वरच्याच हिशेबाने, दीड सेकंद धरून ५० मीटरमध्ये थांबायचे असेल तर वेग ६५च्या आत हवा होता. अंधारात दिव्यांच्या पल्ल्याबाहेर गाडी पळवणे हा निष्काळजीपणाच आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) खाली त्याचा विचार होऊ शकतो. पण तो दोष वेगाचा, झोपेचा नव्हे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०४ रिफ्लेक्टरबद्दलच आहे, त्यामुळे ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो, दिव्यांची स्थिती आणि ती किती अंतरावरून दिसत होती याची त्याच अंधारात, तशाच दिव्यांनी घेतलेली चाचणी तपासाच्या कागदांत असायलाच हवी.