वहीला व्हायरस लागत नाही म्हणे

आमचा कट्टा म्हणजे टिंबर मार्केटमागच्या बोळात पडलेला एक ओंडका. कसल्या लाकडाचा आहे देव जाणे. सागाचा असता तर इतकी वर्षं तिथे राहिलाच नसता. समोर अमृततुल्य, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर जागा धरावी लागते.

बसणारे नेहमीचेच. नानांचं सागवानी फर्निचरचं दुकान, वय सत्तरीला टेकलेलं. बंड्याचा मॉड्युलर किचनचा कारखाना, शेडमध्ये सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं प्लाय कापायचं मशीन. सुन्या पडदे, सोफ्याची कापडं आणि गाद्या विकतो, निम्मी विक्री इन्स्टावरून. पक्या हिंजवडीत सायबर सिक्युरिटीत. ‘सिक्युरिटीत आहे’ एवढंच ऐकल्यामुळे तो वॉचमन आहे अशी नानांची दोन वर्षं समजूत होती. आणि मी. पक्या सोडून बाकी तिघांचे हिशेब आणि जीएसटी मी बघतो, म्हणून माझ्याकडून चहाचे पैसे घ्यायचे नाहीत असा एक नियम आहे. तो मीच केलेला आहे.

गुरुवारी बंड्या तोंड वाकडं करून आला. एका बिल्डरकडून साठ फ्लॅटच्या किचनचं काम जवळपास ठरलं होतं, आणि त्यांच्या ऑफिसनं पाच पानी फॉर्म पाठवला होता. तुमच्याकडे फायरवॉल (नेटवरून शिरणाऱ्याला अडवणारी सोय) आहे का, बॅकअप कुठे ठेवता, बाहेरच्या कुणाला तुमच्या सिस्टिममध्ये प्रवेश आहे का, असले प्रश्न.

“मी ओटे बनवतो रे,” बंड्या म्हणाला. “यांना फायरवॉल कशाला पाहिजे?”

“लाकडाच्या धंद्यात आगीची भिंत पाहिजेच,” नाना म्हणाले. बहुतेक चेष्टेत. “पण मला हा फॉर्म कुणी पाठवायचा नाही. माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. वही आहे. वहीला व्हायरस लागत नाही.”

झालं. तिथून सुरू झालं, कुणाचं दुकान जास्त धोक्यात.

सुन्याचं म्हणणं साधं होतं. ज्याचा धंदा जास्त कॉम्प्युटरवर, त्याला धोका जास्त. म्हणजे बंड्या पहिला, सुन्या दुसरा, नाना शेवटी. नानांनी लगेच मान डोलावली. बंड्याला पटेना. “चोर मोठ्या घरात शिरतात. २०१८ ला कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ना? दोन दिवसांत, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून वगैरे. त्यांना बँक सापडते, ते माझ्या शेडमध्ये कशाला येतील? लॅमिनेटचे तुकडे न्यायला?”

पक्या इतका वेळ क्रीमरोल खात होता. “तुला कुणी शोधत येत नाही,” तो म्हणाला. “नदीत जाळं टाकतात. बोंबील आला काय नि सुरमई आली काय.”

“नदीत बोंबील?” नाना म्हणाले. ते मूळचे रत्नागिरीचे. पाच मिनिटं तिकडेच गेली.

मग पक्यानं बंड्याच्या स्कूटरच्या डिकीतून प्लायचा एक तुकडा काढला, नानांच्या कानावरची सुताराची पेन्सिल घेतली आणि रकाने पाडले. तिघांची नावं डावीकडे. वर तीन प्रश्न: पैसा कुठल्या वाटेनं जाईल, काम किती दिवस थांबेल, दुसऱ्याचं काय काय तुझ्याकडे पडलंय. प्रत्येकाला दहापैकी मार्क. “कॉम्प्युटर किती आहेत हा प्रश्नच नाही,” म्हणाला.

पहिल्या रकान्यात नानांना त्यानं आठ दिले. नाना उसळले. तर सुन्या म्हणाला, “नाना, आषाढातला सोफा सांगा की.”

नानांनी सांगितलं नसतं, पण आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं. थ्री सीटर, चौथा मजला, लिफ्ट नाही. पोरांनी जिन्यातून वळवत वळवत वर नेला. गिऱ्हाइकानं मोबाइल पुढे केला: हिरवी टिक, ४२ हजार, नानांचं नाव. पोरं खाली आली. पैसे आलेच नव्हते. तसली खोटी टिक दाखवणारी ॲप असतात, नाव नि रक्कम टाकली की झालं. दुकानात नानांचा, पैसे आले की ओरडून सांगणारा साउंडबॉक्स आहे, तो ओरडला नाही तर नाना खुर्चीवरून उठत नाहीत. पण साउंडबॉक्स गल्ल्यावर, आणि सोफा चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी फ्लॅटला कुलूप. दोन दिवसांच्या भाड्यानं घेतलेला होता म्हणे.

“हेच बघा,” पक्या म्हणाला. “किराणावाल्याला पैसे आले नाहीत तर तो पुडा परत घेतो. सोफा परत कोण उतरवणार? तुमचा माल जड आहे आणि पैसे दुसऱ्याच्या दारात घेता, ही खरी भोकं आहेत. वहीचा काय संबंध?”

मला हे पटलं. जुनं फर्निचर विकणाऱ्यांना ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असे फोन येतात, तेही याच जातीचं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एक वाक्य पाठ असलं तरी निम्मे वाचतात. नानांनी ते वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’च्या खाली लिहून ठेवलंय, सोफ्यानंतर.

बंड्यालाही त्या रकान्यात सात मिळाले. तो प्लाय यमुनानगरहून मागवतो. गेल्या दिवाळीत व्यापाऱ्याच्या मेलवरून निरोप आला, आमचं खातं बदललंय, या वेळचे एक लाख ऐंशी हजार नव्या खात्यावर टाका. बिल खरं, रक्कम खरी, आधीची सगळी बोलणी त्याच मेलमध्ये खाली. व्यापाऱ्याचा मेल कुणीतरी उघडून वाचत बसलं होतं. बंड्या वाचला तो नशिबानं: बँकेत खातं घालताना भलत्याच माणसाचं नाव आलं. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएसला समोरच्याचं नाव आधी दिसतं, रिझर्व्ह बँकेनं लावलेली सोय. त्यानं जुन्या नंबरवर फोन केला, व्यापारी म्हणाला, कसलं खातं?

“मग मला सात का? मी तर पकडलं!”

“तू नाही, नावानं पकडलं.”

खरी भांडणं दुसऱ्या रकान्यावर झाली, काम किती दिवस थांबेल. नानांना पक्यानं शून्य दिलं. करवत, रंधा, वही; उद्या जगातलं सगळं इंटरनेट बंद पडलं तरी नाना दहा वाजता शटर वर करणार. नाना असे बसले, जणू सत्कार चाललाय.

बंड्याला नऊ. तो उठूनच उभा राहिला. “माझा सीएनसीचा कॉम्प्युटर नेटला जोडलेलाच नाही!”

“विंडोज कुठली?”

“सेव्हन. मशीनबरोबर आलेलं कार्ड नव्यावर चालत नाही, मी काय करू?”

“सेव्हनला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० लाच रामराम केला. बरं, नेट नाही. मग कटिंगच्या फाइली मशीनमध्ये जातात कशा?”

“पेन ड्राइव्हनं.”

“पेन ड्राइव्ह कुठून येतो?”

“डिझाइनच्या कॉम्प्युटरवरून.”

“त्यावरचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं?”

बंड्या चहा ढवळायला लागला. त्या चहात ढवळण्यासारखं काही नव्हतं. ते क्रॅक केलेलं होतं, कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेलं, आणि सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. बंड्यानं केला होता. परत चालू करायचा असतो हे चिठ्ठीत नव्हतं.

“आणि बॅकअप?”

“आहे ना! बाहेरची हार्ड डिस्क. कायम लावलेलीच असते.”

“कायम लावलेली असेल तर फाइलींना कुलूप घालणारा त्या डिस्कलाही घालतो. बॅकअप काढायचा, वायर उपटायची, कपाटात ठेवायची.”

इथे पक्या रंगात आला. अमेरिकेत स्टीलकेस म्हणून ऑफिस फर्निचरची मोठी कंपनी, २०२० च्या ऑक्टोबरात तिच्यावर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, आलं आणि जवळजवळ दोन आठवडे काम बंद. बॅसेट म्हणून दुसरी, व्हर्जिनियातली, जुलै २०२४. “आणि तिथली गंमत ऐका. बॅसेटची दुकानं उघडी होती. वेबसाइट चालू होती. लोक ऑर्डर देत होते. पण कारखाने बंद, त्यामुळे माल पुढे सरकेना. म्हणजे एकाच कंपनीत सुन्या चालू आणि बंड्या बंद.”

“ते मोठे आहेत,” बंड्या म्हणाला.

“म्हणूनच पुन्हा उभे राहिले. तू दोन आठवडे थांबलास तर मशीनचा हप्ता थांबेल का?”

त्यावर बंड्या काही बोलला नाही. साठ किचनं, प्रत्येकाची मापं वेगळी, सगळी त्या एका डिझाइनच्या कॉम्प्युटरवर. कागदावर काहीच नाही. पूर्वी त्याचे वडील मापं भिंतीवर खडूनं लिहायचे, त्या शेडच्या भिंतीवर अजून दिसतात. नाना म्हणाले, “भिंत बरी होती.” मी हसलो, पण नाना हसत नव्हते.

सुन्याचं चटकन उरकलं. इन्स्टाचं खातं हेच त्याचं दुकान. ‘तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे लॉगिन करा’ असला मेसेज आला आणि त्यानं पासवर्ड भरला की दुकान गेलं. दुहेरी लॉगिन लावलेलं नाही, कारण ‘सारखं कोण ओटीपी टाकत बसणार’. तिसऱ्या रकान्यात मात्र त्याला सगळ्यांत जास्त, नऊ. लोक पडद्यांसाठी बेडरूमचे फोटो पाठवतात. पत्ता, खिडकीचं माप, ‘आम्ही शनिवारी घरी नसतो, रविवारी या’. हे सगळं त्याच्या मोबाइलवर, आणि तोच मोबाइल दुपारी दुकानातला पोरगा वापरतो. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप घुसवणारी, येते ती त्यानं एकदा उघडता उघडता राहिली.

“माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे,” मी म्हणालो, कारण मलाही काहीतरी बोलायचं होतं. “नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत.”

“कोटी?” नाना म्हणाले. “त्याच्या सगळ्या गाद्या उसवल्या तरी निघायचे नाहीत.”

बेरीज केली तर बंड्या पहिला, सुन्या दुसरा, नाना तिसरे. म्हणजे सुन्यानं सुरुवातीला सांगितलं तेच. तो लगेच “बघा!” म्हणाला. पण नाना प्लायकडे बघत राहिले. “बेरीज कशाला करतोस? माझे बेचाळीस हजार गेले तेव्हा मी दोन महिने कारागिरांना तुकड्यातुकड्यानं पगार दिला. पोरानं १९३० ला, त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण तोही चार दिवसांनी. बेरजेत मी खाली आहे, पण प्रत्यक्षात गेले ते माझेच.”

यावर पक्याकडे उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी त्यानं दिलं नाही. त्यानं विषय बदलला, आणि तिथे माझं बारगळलं.

तो जेएनपीटी बंदराचं सांगायला लागला. जून २०१७, न्हावाशेवाचं एक टर्मिनल ठप्प. कारण टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या ताब्यातलं, आणि मर्स्कच्या जगभरच्या कॉम्प्युटरना नॉटपेट्या नावाचं व्हायरससारखं प्रकरण लागलेलं. “आणि ते शिरलं कुठून? युक्रेनमध्ये कराचे हिशेब ठेवायचं एक सॉफ्टवेअर आहे, तिथल्या कंपन्या सर्रास वापरायच्या. त्याच्या अपडेटमधून.”

“म्हणजे,” नाना सावकाश म्हणाले, “हिशेबवाल्याच्या दारातून आत आले?”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. अमृततुल्यवाल्यानंसुद्धा.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग पक्यानं एकेक विचारलं, बंड्याला विचारलं तसंच, आणि मला खोटं बोलता येईना. तिघांचे जीएसटीचे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवर एका एक्सेल फाइलमध्ये, फाइलचं नाव ‘पासवर्ड फायनल २’. बंड्याच्या आणि सुन्याच्या टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, मी घरून एनीडेस्क या दूरचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपनं जातो; दोघांनाही पासवर्ड एकच, माझ्या गाडीचा नंबर. लॅपटॉपवर विंडोज टेन, ज्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. रविवारी त्यावर माझा मुलगा गेम खेळतो आणि त्या गेमचे कसले कसले तुकडे कुठून कुठून उतरवतो. आणि नाना, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यांच्या जीएसटी नोंदणीवरचा मोबाइल नंबर माझाच आहे. आठ वर्षं. त्यांचे ओटीपी मला येतात.

“म्हणजे माझी वही तुझ्याकडे आहे,” नाना म्हणाले.

पक्यानं प्लायवर खाली चौथं नाव लिहायला घेतलं. जागा नव्हती, म्हणून कडेला उभं लिहिलं. मार्क दिले नाहीत. बंड्यानं मात्र बिल्डरचा फॉर्म काढला. ‘बाहेरच्या कुणाला तुमच्या सिस्टिममध्ये प्रवेश आहे का’ यासमोर त्यानं सकाळीच ‘नाही’वर टिक केली होती. ती खोडली आणि माझं नाव घातलं, स्पेलिंग विचारून.

चहाचे पैसे मी दिले. क्रीमरोलचेही.

शनिवारी सकाळी नानांच्या दुकानात गेलो, पोर्टलवरचा नंबर बदलायला. नाना गल्ल्यावर चष्मा लावून, मोबाइल दोन्ही हातांत धरून, जणू गरम बशी आहे. एक नवराबायको डायनिंग टेबलाचे पाय ठोकून बघत होते. मी बटण दाबलं. मोबाइल वाजला.

“आला! आला रे!” नाना दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. “लिहून घे, चार, सात, सात...”

“नाना, हळू!”

“का? चुकला का?”