आमदार धंदा करू शकत नाही? खुलासा

‘आमदार झाल्यावर व्यवसाय बंद करावा लागतो, नाहीतर आमदारकी जाते’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ९अ एवढंच सांगतं: आमदाराने आपल्या व्यवसायात राज्य सरकारशी माल पुरवठ्याचा किंवा काम करून देण्याचा करार केलेला असेल आणि तो चालू असेल, तर तो अपात्र. केंद्राशी केलेल्या कराराने आमदारकी जात नाही. काम पूर्ण झालं, फक्त सरकारकडून बिल यायचं राहिलं, तर करार चालू धरत नाहीत. खाणपट्टाही (खाणकामासाठी सरकारकडून मिळालेला पट्टा) यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरियाणाच्या करतारसिंग भडाना प्रकरणात स्पष्ट केलं.

कलम १० वेगळं. सरकारचं किमान २५ टक्के भागभांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिव अपात्र ठरतो, पण सहकारी संस्था त्यातून वगळल्या आहेत. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ही सूट मोलाचीच!

उमेदवाराने सरकारी करार नमुना २६ च्या शपथपत्रात लिहायचे असतात, पती-पत्नीचे आणि भागीदारी संस्थेचेसुद्धा. रकाना कोरा सोडून चालत नाही. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. निवडून आल्यानंतरच्या अशा अपात्रतेचा निर्णय राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार देतात, विधानसभा अध्यक्ष नव्हे.