‘लाड बंद करा, तुरुंग दाखवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो. कुठे चाकू निघाला किंवा मोटारसायकल चोरीत सतरा वर्षांचं पोरगं सापडलं, की तो पुन्हा वर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अठराच्या आतल्यांना कायदा हात लावत नाही म्हणून ती शेफारलीत. त्यांच्यासाठी खेळ, अभ्यासिका, समुपदेशन चालवणं म्हणजे गुन्हेगारांचे लाड. त्यापेक्षा पोलिसांनी दोन दांडके घालावेत, एक दिवस हिंडलग्याचा तुरुंग आतून दाखवावा, आपोआप सरळ होतील. पुढे पाठवणारे बरेच जण काळजीपोटीच पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

कायदा हात लावत नाही, हे खोटं आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. मुलाला पकडलं की २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक महिला. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समाजसेवेचं काम लावू शकतं, देखरेखीखाली ठेवू शकतं, तीन वर्षांपर्यंत विशेष गृहातही पाठवू शकतं. मुलगा सोळा पूर्ण झालेला असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर त्याची मानसिक कुवत आणि समज तपासून खटला बाल न्यायालयात मोठ्या माणसासारखा चालवता येतो. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर लोकांनी जे मागितलं, त्यातूनच ही तरतूद आली. आणि पोरं हाताबाहेर गेली म्हणायचं, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. अठराच्या आतल्या मुलांनी केलेले गुन्हे देशभरात २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ नोंदले गेले. म्हणजे लाख मुलांमागे सातच्या आसपास.

याच कायद्याचा दुसरा भाग त्या मजकुरात येत नाही, आणि आपल्या भागात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोव्याची चोरटी दारू इकडे येते, गांजाच्या पुड्या फिरतात, मटक्याच्या चिठ्ठ्या फिरतात. पिशवी पोराच्या हातात आणि पैसा मागच्या माणसाच्या खिशात. दारू किंवा अमली पदार्थ विकायला, वाहायला मुलाला वापरलं तर कलम ७८ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. इतर बेकायदा कामाला मुलं वापरणाऱ्या टोळीला किंवा माणसाला कलम ८३ आहे, त्यात दंड पाच लाखांपर्यंत जातो. ग्रुपवर त्या माणसाचं नाव कधी येतं का? पोराचा फोटो मात्र नावगावासकट येतो. तो टाकणं हाच कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेलं आपलं गाव. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांच्या डोळ्यांपुढे भरती असते. बाल न्याय मंडळानं निकाली काढलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटू नये, असं कलम २४ सांगतं. कायद्यानं पुसायचं ठरवलेलं आपण मोबाइलवर कायमचं लिहून ठेवतो, याचा मला मनापासून संताप येतो.

आता तुरुंग दाखवण्याचं. हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७६ पासून मुलांना आत नेत. जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडत, आत काय होतं ते सांगून घाबरवत. कल्पना लोकांना फार आवडली आणि ठिकठिकाणी तिची नक्कल झाली. पुढे संशोधकांनी अशा नऊ काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उलटंच दिसलं : तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. दांडक्याचंही तसंच. घरी बापाचा मार रोज खाणाऱ्याला पोलिसाच्या माराचं नवल ते काय? मुलाला कोठडीत ठेवायला कायद्यानं मनाई आहेच. शिवाय मार खाऊन परतलेलं पोरगं गल्लीतल्या लहान पोरांत मोठं होऊन बसतं, हे आपण सगळे बघतो.

आणि लाड? शिकागोत गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी एक कार्यक्रम चालतो. आठवड्यातून एक तास एक मोठा माणूस मुलांच्या गटाबरोबर बसतो. पहिल्याच दिवशी दोघादोघांची जोडी लावतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो अर्ध्या मिनिटात मिळवायला सांगतात. पोरं झोंबतात, बोटं पिरगाळतात. मग तो माणूस विचारतो, कुणी नुसता मागून का नाही पाहिला? अशा तासांची दोनदा चाचणी झाली. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्या झाल्या. त्याच शहरात २०१२ मध्ये मुलांना उन्हाळ्यात आठ आठवडे पगारी काम दिलं, तर पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. जवळचं उदाहरण हवं तर नागपूर आहे : विजय बारसे या क्रीडाशिक्षकानं २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलवर आणलं.

चांगल्या हेतूनं चालवलेले सगळे उपक्रम गुणकारी असतात, असं मात्र नाही, आणि हे लपवू नये. बोस्टनजवळ १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशन आणि मदत मिळाली, पण १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही मुलं मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळली. सगळ्यांत जास्त नुकसान झालं, ते पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्यांचं. त्यातून निघालेला धडा असा : वांड पोरं एकत्र कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात. म्हणून ‘बिघडलेल्या पोरांचं शिबिर’ ही कल्पना मला मुळीच मान्य नाही. तालमीत, कबड्डी-खोखोच्या संघात, वाचनालयात असं पोरगं इतर पोरांत एकटंदुकटं मिसळलं पाहिजे आणि त्याला नावानं हाक मारणारा एक वस्ताद, एक काका रोज तिथं असला पाहिजे.

यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. वडगाव-शहापुरात आईबाप कापडाच्या मागावर, उद्यमबागेत बाप फाउंड्रीच्या पाळीत, निपाणीत आई विड्या वळते. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरगं कुणाच्याच नजरेत नसतं. ती वेळ भरायची आहे. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत सहा ते अठरा वयाच्या मुलांना नोव्हेंबर २०२० पासून सभासदत्व फुकट आहे. आपल्या सोसायट्या आणि मंडळं दरवर्षी दहावीत नव्वद टक्के मिळवणाऱ्यांचा गुणगौरव करतात, ते चांगलंच आहे. पण गल्लीत नापास कोण झालं, त्याची यादी कुठल्या पंचांकडे आहे? २०२४ पासून एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची परीक्षा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते. नापास झालेल्या पोराला दुसऱ्या परीक्षेला बसवायला हाताशी थोडेच आठवडे असतात. तेवढ्यात कुणी दारात गेलं नाही, तर गॅरेज, मग कट्टा, मग पिशवी हा क्रम ठरलेला.

तरीही एखादं पोरगं सापडलंच, तर त्याच्या घरच्यांना एवढं सांगा. पोलीस ठाण्यातले कागद कन्नडमध्ये असतात आणि पुष्कळ आया न कळताच अंगठा उठवतात. बाल न्याय मंडळापुढची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषा देणं हे मंडळाचं काम आहे, कायद्यात तसं लिहिलं आहे. तो मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांसाठी तिथला वकील मोफत असतो, घरचं उत्पन्न कितीही असो.