मामा फौजेत, भाचा टोलनाक्यावर

तुमचा मामा फौजेत आहे, निदान होता, हे मागच्या गाडीवाल्याला कळलंच पाहिजे. नाहीतर मामाने सियाचीनला थंडी खाल्ली ती कशासाठी? तेव्हा गाडी घेतली की तिच्यावर 'आर्मी' लिहिण्याआधी नातं पक्कं करा. बाप, भाऊ, नवरा यांचं तर विचारायलाच नको. चुलता, मेव्हणाही चालतो. बहिणीच्या नणंदेचा दीर एनसीसीत असेल तर नुसतं 'फौजी' लिहावं, खोलात शिरू नये.

पहिली अडचण लिहायच्या जागेची. सरकारने हल्ली नंबरच्या पाटीवर काही लिहायची सोयच ठेवलेली नाही. कारची नवी पाटी ५०० बाय १२० मिलिमीटर. वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, त्याखाली निळ्यात देशाची तीन अक्षरं, खाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, उरलेल्या जागेत नंबर. त्यात ती स्नॅप लॉकने ठोकलेली. लॉक तोडल्याशिवाय पाटी निघत नाही आणि तुटलेलं लॉक पुन्हा बसत नाही. जुन्या कारला ही पाटी लावायला महाराष्ट्रात ७४५ रुपये अधिक जीएसटी मोजून वर नवी कोरी पाटी लाल रेडियमने रंगवायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या खेपेला १५००. २१४ चा 'राम' आणि ४१४१ चा 'दादा' करणारी पिढी या पाटीनेच संपवली.

म्हणून मागची काच. रेडियमवाल्याकडे जा, तो 'आर्मी' तयारच ठेवतो. चिन्ह मात्र स्वतः निवडा, कारण तो सगळ्यांना दिसायला भारी तेच चिकटवतो. तलवार आणि बॅटन, म्हणजे साहेबाची छडी, एकमेकांवर आडवी, ही खूण मेजर जनरल आणि त्यावरच्या साहेबांची. मामा नायकासारख्या खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला असेल तर काचेवर त्याला एकदम एवढी बढती देऊ नका, पेन्शनीत फरक पडत नाही. तारेही तसेच. लष्करात लाल पाटीवर ब्रिगेडियरला १, मेजर जनरलला २, लेफ्टनंट जनरलला ३ आणि लष्करप्रमुखांना ४ तारे असतात, आणि साहेब गाडीत नसले की ती पाटी झाकतात. या हिशेबाने तुमची कायमच झाकलेली राहील.

बाणाच्या नादी अजिबात लागू नका. खऱ्या लष्करी गाडीचा नंबर वर टोक केलेल्या बाणाने सुरू होतो, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. ती आरटीओत जातच नाही, तिची नोंद लष्करच करतं. तुमची नोंद एमएच १२ ची आणि पाटीवर बाण, म्हणजे प्रकरण खोट्या नंबरचं. तिथे मामाही फोन उचलत नाही.

आता टोल. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. काच अर्धी खाली करायची, समोर बघत खर्जात 'आर्मी' म्हणायचं. कुणी जास्त विचारलंच तर १९०१ च्या टोल कायद्याचं नाव घ्या. तो खरोखर आहे. पण त्यातली सवलत ड्युटीवरच्या जवानाची आहे, लोणावळ्याला चिक्की आणायला निघालेल्या भाच्याची नाही. फौजी कॅन्टीनचं कार्डही पुढे करू नका, त्यावर साबण मिळतो. राष्ट्रीय महामार्गावर परमवीरचक्र, वीरचक्र, शौर्यचक्रवाल्यांनासुद्धा फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, तेव्हा टोल माफ होतो. तुमचं स्टिकरवर भागावं, ही अपेक्षा तशी माफकच. फास्टॅगला मात्र मराठी कळत नाही. तुम्ही 'आर्मी' म्हणेपर्यंत तो पैसे कापून मोकळा.

पोलिसांची फार भीती बाळगू नका. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने २०२० साली गाड्यांवरचं 'आर्मी', 'पोलीस', 'प्रेस' काढायला लावलं, पण ते चंदीगडकडे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे, ते मात्र देशभर लागू. जवान नसताना जवानाचा पोशाख किंवा खूण मिरवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात लोकांनी आपल्याला जवान समजावं असा हेतू सिद्ध व्हावा लागतो. तुमचा तर फूटभर अक्षरांत काचेवरच लिहिलेला आहे.

खुद्द मामा अजून नोकरीत असेल, तर त्याने काय घेतलं ते बघा. बीएच म्हणजे 'भारत' मालिकेची पाटी, २०२१ पासून मिळते ती. बदली झाली की नव्या राज्यात गाडी पुन्हा नोंदवायची कटकट नाही. गाडी स्वतःच्या नावावर हवी, ओळखपत्र दाखवायचं, बाकी कागद डीलर भरतो. कराचा दर दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, वीसपर्यंत १०, पुढे १२; डिझेलला २ जास्त, विजेच्या गाडीला २ कमी. पण कर पंधरा वर्षांचा एकदम नाही, दोन-दोन वर्षांचा. तारीख विसरलात तर सात दिवसांनंतर रोजचे १०० रुपये. नंबर संगणक देईल तो, आणि पाटीवर फौजेचा 'फ'ही नाही. बँकेतल्या कारकुनालाही हीच पाटी मिळते.

त्यामुळे मामा सुट्टीवर तुमच्याकडे आला की सोसायटीचा वॉचमन त्याची गाडी बाहेरच थांबवतो. कुठल्या राज्याची, कुणाकडे जायचंय, नाव, नंबर, वेळ, सही. मागून तुम्ही येता. काचेवरच्या तलवारी बघून वॉचमन रजिस्टर तसंच टाकतो, सलाम ठोकतो आणि तुमच्या गाडीला वाट द्यायला मामाला म्हणतो, "ओ काका, जरा बाजूला घ्या."